कोर्स बदलायचा असेल तर कॅस निघायच्या आत

प्रश्न थोडक्यात असा. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दोन वर्षं नोकरी, आणि येत्या सप्टेंबरसाठी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएससी इंटरनॅशनल बिझनेसला प्रवेश. ऑफर स्वीकारली आहे, डिपॉझिट भरलं आहे, व्हिसाच्या अर्जासाठी विद्यापीठाकडून लागणारा कॅस अजून आलेला नाही. आता वाटतंय की त्याच विद्यापीठातला मटेरियल्स इंजिनिअरिंगचा एमएससी करावा. एजंट म्हणतो, "आत्ता काही हलवू नकोस, तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात बदलून घे." वडील म्हणतात, भरलेले पैसे बुडतील. निम्मा जून उलटला आहे.

एजंटचा सल्ला मानू नकोस. तुझ्या बाबतीत तो सरळसरळ अंगाशी येणारा आहे, का ते पुढे सविस्तर सांगते. वडिलांची काळजी समजते, पण त्याच विद्यापीठात राहायचं असेल तर डिपॉझिट सहसा बुडत नाही. तू आत्ता ज्या टप्प्यावर आहेस तो बदलासाठी सगळ्यात सोपा आहे. कॅस निघायच्या आत कोर्स बदलणं हे फक्त विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचं काम असतं. कॅस निघाला की त्यात ब्रिटनचं गृहखातं येतं, आणि व्हिसा लागला की विद्यापीठाची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून बदलायचं असेल तर आत्ताच बदल, आणि नवी ऑफर लेखी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नकोस.

कॅस म्हणजे कन्फर्मेशन ऑफ ॲक्सेप्टन्स फॉर स्टडीज. नावावरून ते प्रमाणपत्र वाटतं, पण प्रत्यक्षात ती गृहखात्याच्या प्रणालीतली एक नोंद असते. तुला मिळतो तो १४ अक्षर-अंकांचा क्रमांक आणि त्या नोंदीचा तपशील: कोर्सचं नाव, पातळी, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, एकूण फी, त्यातली भरलेली रक्कम, कोणत्या गुणपत्रिकांच्या आधारे प्रवेश दिला. एका कॅसवर एकदाच व्हिसाचा अर्ज करता येतो आणि दिल्यापासून तो ६ महिने चालतो. फीचा हप्ता नंतर भरला किंवा एखादा किरकोळ तपशील चुकला, तर विद्यापीठ त्या नोंदीला टीप जोडून दुरुस्ती करतं. कोर्सच बदलला तर टिपेवर भागत नाही, जुना कॅस रद्द करून नवा काढावा लागतो.

आता "तिकडे गेल्यावर बदलू" याबद्दल. विद्यार्थी व्हिसावर असताना नवा व्हिसा न काढता कोर्स बदलता येतो, हे खरं आहे. पण त्याच्या अटी सगळ्या एकत्र पाळाव्या लागतात. विद्यापीठ तेच हवं आणि नियमपालनाची नोंद असलेलं हवं. नवा कोर्स पदवी किंवा त्यावरच्या पातळीचा आणि आधीच्यापेक्षा खालचा नसलेला हवा. हातातल्या व्हिसाच्या मुदतीत तो पूर्ण व्हायला हवा. तो आधीच्या कोर्सशी निगडित हवा, किंवा दोन्ही मिळून तुझ्या करिअरच्या खऱ्याखुऱ्या उद्दिष्टाला धरून आहेत हे विद्यापीठाला पटायला हवं. आणि नव्या कोर्सला ॲटास लागत असेल तर ते आधी हातात हवं.

तुझी गाडी या शेवटच्या अटीवर अडणार आहे. ॲटास म्हणजे अकॅडमिक टेक्नॉलॉजी अप्रूव्हल स्कीम. लष्करी उपयोग होऊ शकेल अशा विषयांत शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची ही आगाऊ सुरक्षा-छाननी आहे आणि ती ब्रिटनचं परराष्ट्र खातं करतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, युरोपीय संघ अशा काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे, भारतीयांना नाही. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएससीसाठी यातले विषय मोजके आहेत, पण मटेरियल्स, मेकॅनिकल आणि एरोस्पेस हे नेमके त्यात येतात. संशोधनाच्या पदवीसाठी यादी बरीच लांब आहे. इंटरनॅशनल बिझनेसला ॲटास लागत नाही, म्हणून आजवर तुझ्या कानावर हा शब्दही पडला नसेल. प्रमाणपत्राला किमान ३० कामकाजाचे दिवस लागतात, उन्हाळ्याच्या गर्दीत त्याहून जास्त. तू सप्टेंबरअखेर तिथे उतरून पहिल्या आठवड्यात बदल मागितलास, तर ॲटास हातात येईपर्यंत नोव्हेंबर उजाडेल. वर्षभराच्या एमएससीत तोवर पहिल्या सत्राचं निम्म्याहून जास्त शिकवून झालेलं असतं. त्या टप्प्यावर कोणताही विभाग नव्या विद्यार्थ्याला आत घेणार नाही. म्हणजे वर्षभर नको असलेला कोर्स करायचा किंवा परत यायचं, एवढंच उरतं.

दुसरीही एक गोष्ट आहे, जी एजंट सांगत नाहीत. कॅस देण्याआधी बरीच विद्यापीठं विद्यार्थ्याची मुलाखत घेतात आणि व्हिसा अधिकारीही घेऊ शकतात. हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, यात कोणते विषय आहेत, पुढे काय करणार, असे प्रश्न असतात. जो कोर्स करायचाच नाही असं मनाशी ठरवलं आहे त्याबद्दल तू तिथे ठामपणे बोलायचं, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो. ते चुकीचं आहे, आणि अशा मुलाखतीत ते दिसतंही. उलट मेकॅनिकलची पदवी, दोन वर्षं सुट्या भागांच्या कारखान्यात काम आणि आता मटेरियल्स, ही साखळी ऐकणाऱ्याला लगेच पटते. बिझनेसच्या कोर्सचं समर्थन करण्यापेक्षा तुला हे बोलणं खूप सोपं जाईल.

विद्यापीठं उशिराच्या बदलांना का कचरतात, हेही कळायला हवं, म्हणजे त्यांच्या उत्तरातला कोरडेपणा मनाला लागणार नाही. परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना टिकवायचा तर विद्यापीठाला दरवर्षी तीन आकडे सांभाळावे लागतात. कॅस दिलेल्यांपैकी व्हिसा नाकारला गेलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत, प्रत्यक्ष येऊन नाव नोंदवणारे किमान ९० टक्के आणि कोर्स पूर्ण करणारे किमान ८५ टक्के, अशी ही पट्टी होती. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तिन्ही पट्ट्या प्रत्येकी पाच टक्क्यांनी कडक करण्याचं जाहीर केलं. त्यामुळे विद्यापीठाच्या दृष्टीने कॅस दिल्यावर न येणारा विद्यार्थी हा नुसता एक रिकामा बाक नसतो, परवान्याच्या हिशेबातला तो एक डाग असतो. हेच विद्यापीठ कॅस देण्याआधी मात्र बरंच मोकळं असतं, कारण तोवर तुझी या मोजणीत गणतीच नसते.

आता मूळ प्रश्न: बदलावं का? याचं उत्तर तुलाच द्यायचं आहे, पण ते कोर्सच्या नावावरून देऊ नकोस. ब्रिटनचा एमएससी सर्वसाधारणपणे १८० क्रेडिटचा असतो आणि त्यातले बहुधा ६० क्रेडिट प्रबंधाचे किंवा प्रोजेक्टचे असतात. उरलेल्या १२० क्रेडिटमध्ये आठ-दहा विषय बसतात. दोन्ही कोर्सची पानं शेजारी-शेजारी उघड आणि सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक कोणते, हे कागदावर लिहून काढ. मग प्रत्येक विषयापुढे लिही: यातलं मला काय येतं, आणि यासाठी आधी काय यायला हवं. मटेरियल्सच्या कोर्समध्ये फेज ट्रान्सफॉर्मेशन, फ्रॅक्चर, पॉलिमर-कॉम्पोझिट, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी असं काही दिसेल. मेकॅनिकलवाल्यांनी दुसऱ्या वर्षी धातुशास्त्राचा एखादा पेपर दिलेला असतो, तेवढ्यावर यातलं काही पेलतं, काहीसाठी उन्हाळ्यात घाम गाळावा लागतो. हे आत्ताच दिसलेलं बरं. परीक्षा कशी आहे हेही बघ. बिझनेसच्या कोर्समध्ये निबंध आणि गटप्रकल्प जास्त असतात, इथे प्रयोगशाळेचे अहवाल आणि लेखी परीक्षा असतील. वर्ष एकच असतं, रुळायला फारसा वेळ मिळत नाही.

हा तक्ता केल्यावर कधीकधी कोर्स बदलायची गरजच नव्हती असं लक्षात येतं. एकाच विभागाचे दोन-तीन भावंड-कोर्स असतात, पहिल्या सत्रात सगळ्यांना एकत्रच शिकवतात आणि पुढे ऐच्छिक विषयांनी वाटा फुटतात. तिथे नावासाठी धावपळ करण्यात अर्थ नसतो. तुझं तसं नाही. बिझनेस आणि मटेरियल्स हे दोन वेगळ्या विभागांचे कोर्स आहेत, त्यांच्यात एकही विषय सामाईक नसणार.

नोकरीचा विचार करून बदलत असशील तर एक गोष्ट नीट समजून घे. ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा कोर्सच्या नावावर मिळत नाही. नोकरीचं पद कोणतं, ते पदवीच्या पातळीचं आहे का, पगार ठरलेल्या किमान रकमेइतका आहे का आणि कंपनीकडे परदेशी कर्मचारी घेण्याचा परवाना आहे का, यावर तो मिळतो. शिक्षणानंतर थांबून काम शोधण्यासाठी जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे. वर्षभराचा कोर्स करणारे त्या तारखेनंतरच अर्ज करतील, त्यामुळे हिशेब १८ महिन्यांचा धर. तुझ्या दोन वर्षांच्या अनुभवाला जोडून येणारा तांत्रिक कोर्स या दृष्टीने बिझनेसच्या सर्वसाधारण पदवीपेक्षा उजवा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठरलं असेल तर आजच मेल कर. आधी तपासून घे की विद्यापीठाच्या पोर्टलवर तुझा स्वतःचा ईमेल पत्ता आहे आणि पासवर्ड तुझ्याकडे आहे. एजंटमार्फत अर्ज करणाऱ्या अनेक मुलांच्या खात्यावर एजंटचाच पत्ता असतो आणि विद्यापीठाची उत्तरं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. एजंटला कळव, त्याला प्रत पाठव, पण लिहायचं तूच. काही विद्यापीठांच्या पोर्टलवर कोर्स बदलण्याचा छोटा अर्ज असतो, काही जण नव्याने अर्ज भरायला सांगतात. कोणता मार्ग आहे हे तुला पहिल्याच उत्तरात कळेल.

मेल छोटा हवा. विषयाच्या ओळीत अर्जक्रमांक आणि "सप्टेंबर प्रवेशासाठी कोर्स बदलाची विनंती". मजकुरात आधी वस्तुस्थिती: कोणत्या कोर्सची ऑफर स्वीकारली, डिपॉझिट कधी भरलं, कॅस निघालेला नाही. मग मागणी: कोणता कोर्स हवा, कोर्स कोड असेल तर तोही. मग कारण, दोन-तीन वाक्यांत. "मला आता यात रस वाटतो" असं लिहू नकोस. कारखान्यात तू काय काम केलंस ते लिही. उष्णतेच्या प्रक्रियेनंतर भागांना तडे जात होते, त्याची कारणं शोधताना या विषयाकडे वळले, असं काही खरोखर घडलं असेल तर ते एक वाक्य पानभर भावनांपेक्षा जास्त काम करतं. मग हे वाक्य न विसरता: "नव्या कोर्सवर निर्णय होईपर्यंत माझी सध्याची जागा कायम ठेवावी." शेवटी प्रश्न: डिपॉझिट वर्ग होईल का, मिळालेली शिष्यवृत्ती किंवा फीसवलत टिकेल का, नव्या कोर्सची फी किती, ॲटास लागेल का आणि लागत असल्यास कोर्सचा सीएएच कोड (विषयाचा सांकेतिक क्रमांक) काय, कॅस देण्याची शेवटची तारीख कोणती. सोबत गुणपत्रिका, अनुभवपत्र आणि हाच कोर्स का हवा हे सांगणारं, नव्याने लिहिलेलं स्टेटमेंट जोड. जुन्या स्टेटमेंटमध्ये नुसतं कोर्सचं नाव बदलून पाठवणारे असतात, निवड करणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच दिसतं.

प्रवेश विभाग तुझा अर्ज मटेरियल्स विभागाच्या निवडकर्त्याकडे पाठवेल. तो तुला नवी उमेदवार म्हणूनच तपासेल. विद्यापीठाने एकदा घेतलं आहे म्हणून दुसऱ्या कोर्सला आपोआप घेतील असं नसतं. पदवीची टक्केवारी, गणिताचे आणि मटेरियल्स सायन्सचे पेपर, आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, आणि जागा शिल्लक आहे का, एवढं बघितलं जातं. आयल्ट्सच्या अटी कोर्सगणिक वेगळ्या असतात. एकूण गुण पुरेसे असून एखाद्या घटकात अर्धा बँड कमी पडला म्हणून अडकलेली मुलं दरवर्षी दिसतात. नव्या कोर्सच्या पानावर हे आत्ताच बघून घे. क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांचा कोर्सशी संबंध नाही, ते काढलं असेल तर तसंच चालतं.

नवी ऑफर आली की दुसऱ्या दिवशी ॲटासचा अर्ज. ऑफर सशर्त असली तरी अर्ज करता येतो, सगळ्या अटी पूर्ण होण्याची वाट बघू नकोस. अर्ज ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नकोस. त्यात आधीचं शिक्षण, नोकरीचा तपशील, खर्च कोण करणार, संदर्भासाठी व्यक्ती आणि कोर्समधल्या विषयांची माहिती भरावी लागते. विषयांची यादी विद्यापीठ देतं, ती जशीच्या तशी घे. कोर्सचं नाव ऑफर लेटरवर आहे अगदी तसंच लिही. हे प्रमाणपत्र त्याच विद्यापीठातल्या त्याच कोर्सपुरतं असतं. नंतर पुन्हा कोर्स बदललास तर ॲटासही पुन्हा. उत्तर द्यायचे ३० दिवस हे कामकाजाचे आहेत, म्हणजे शनिवार-रविवार धरून सहा आठवडे. अर्ज अर्धवट भरला असेल तर तो परत येतो आणि मोजणी नव्याने सुरू होते.

आता तारखा मांडून बघू. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मेल, दोन आठवड्यांत निर्णय आला तर जुलैच्या सुरुवातीला ॲटासचा अर्ज, प्रमाणपत्र ऑगस्टच्या मध्याच्या पुढे, कॅसला आठवडाभर, मग व्हिसाचा अर्ज. भारतातून केलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जावर सहसा तीन आठवड्यांत निर्णय होतो. म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते तिसरा आठवडा. जमतं, पण यात वाया घालवायला एकही आठवडा नाही. विद्यापीठाचं उत्तर पाच कामकाजाच्या दिवसांत आलं नाही तर फोन कर. फोनवर जे कळेल ते लगेच मेलवर लिहून पाठव, म्हणजे नोंद राहील.

पैशांकडे येऊ. त्याच विद्यापीठात कोर्स बदलला तर डिपॉझिट सहसा नव्या कोर्सकडे वर्ग होतं, तरी हे लेखी घे. प्रत्यक्ष न जाता, ऑनलाइन स्वीकारलेल्या ऑफरला ब्रिटनच्या ग्राहक कायद्यानुसार स्वीकारल्यापासून १४ दिवस विनाकारण रद्द करण्याची मुभा असते. तुझी ती मुदत बहुधा उलटली असेल. त्यानंतर परताव्याचे विद्यापीठाचे स्वतःचे नियम लागू होतात आणि तू स्वतः जागा सोडलीस तर बरेच जण पैसे ठेवून घेतात. जुनी जागा सोडू नकोस म्हणते त्याचं हेही एक कारण.

प्रयोगशाळेच्या कोर्सची फी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कोर्सपेक्षा बहुधा जास्त असते. हा फरक फक्त फीपुरता राहत नाही, तो व्हिसासाठी दाखवायच्या रकमेत शिरतो. कॅसवर जितकी फी बाकी दिसेल ती, अधिक राहण्याचा खर्च नऊ महिन्यांचा. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १०,५३९ आणि १३,७६१ पौंड. ही पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून. वडिलांनी जुन्या फीच्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवले असतील तर वाढीव रक्कम नवी ऑफर येताच त्यात टाकायला सांग. कॅस आल्यावर टाकली तर चार आठवडे नुसती वाट बघण्यात जातील. विनिमय दर हलतो, म्हणून थोडी जास्तच असू दे.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेच्या मंजुरीपत्रावर कोर्सचं आणि विद्यापीठाचं नाव असतं. कॅस मटेरियल्सचा आणि कर्ज बिझनेसचं, असे कागद व्हिसाच्या अर्जाला जोडायचे नाहीत. नवी ऑफर मिळाली की शाखेत जाऊन सुधारित पत्र माग. फी वाढल्याने कर्जाची रक्कम वाढवायची असेल तर त्याला तारणाच्या फेरतपासणीपर्यंत वेळ लागू शकतो. सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी तर विद्यापीठाला लिहिण्याआधी शिष्यवृत्ती देणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपसारख्या योजनांत मंजूर कोर्स बदलू देत नाहीत, आणि इथे मदत गमावली तर पुढचं सगळंच कोसळतं.

बदल करतच आहेस तर नव्या कोर्सचा प्लेसमेंटसह असलेला प्रकार आहे का, तेही बघ. अनेक विद्यापीठांत त्याच एमएससीला जोडून काही महिने किंवा वर्षभर कंपनीत काम करण्याचा पर्याय असतो. तो कॅस निघण्याआधी निवडला तर व्हिसा पहिल्यापासूनच त्या मुदतीचा मिळतो. तिकडे गेल्यावर जोडता येतो, पण तेव्हा व्हिसाचा अर्ज, त्याचं शुल्क आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभार सगळं पुन्हा. फक्त प्लेसमेंट शोधायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यावरच असते आणि ती न मिळाल्यास साध्या कोर्सवर परत आणतात, हे कोर्सच्या पानावर बारकाईने वाच.

हे वाचणाऱ्या इतरांची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून थोडं त्याबद्दल. कॅस निघाला आहे पण व्हिसाचा अर्ज केलेला नाही, तर विद्यापीठ जुना कॅस मागे घेऊन नवा देऊ शकतं. अजून वाट मोकळी आहे, फक्त वेळ लागतो. व्हिसाचा अर्ज भरला आहे पण बोटांचे ठसे दिलेले नाहीत, तर अर्ज मागे घेतल्यास शुल्क परत मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क ५२४ पौंड झालं होतं, भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर चालू आकडा बघावा. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि वर्षभराच्या एमएससीच्या व्हिसासाठी दीड वर्षाचा म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. निर्णयाआधी अर्ज मागे घेतला किंवा व्हिसा नाकारला गेला तर हा परत येतो. व्हिसा मंजूर झाला आणि गेलाच नाहीत तर येत नाही.

व्हिसा हातात आहे आणि आता दुसरंच विद्यापीठ हवं आहे, ही सगळ्यात अवघड जागा. विद्यार्थी व्हिसा एका विद्यापीठाला बांधलेला असतो. पहिल्या विद्यापीठाच्या व्हिसावर विमानात बसून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही. पहिलं विद्यापीठ तुम्ही आला नाहीत हे गृहखात्याला कळवतं, ते त्याला बंधनकारक आहे, आणि तो व्हिसा रद्द होतो. नव्या विद्यापीठाचा कॅस घ्या, इथूनच नवा अर्ज करा, निर्णय येईपर्यंत थांबा. आधीचा व्हिसा होता हे अर्जात लपवू नका. पीएचडी किंवा संशोधनाच्या पदवीवरून शिकवल्या जाणाऱ्या एमएससीकडे येणाऱ्या विवाहितांनी आणखी एक बघावं: जानेवारी २०२४ पासून अशा एमएससीवर जोडीदाराला आणि मुलांना सोबत नेता येत नाही.

बारावीनंतर पदवीला जाणाऱ्यांचा अर्ज यूकास या ब्रिटनच्या सामाईक प्रवेशव्यवस्थेतून असतो. त्याच विद्यापीठात दुसरा कोर्स हवा असेल तर विद्यापीठालाच विचारायचं, ते तयार झालं तर यूकासवरची नोंद तेच बदलतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर पक्की केलेली जागा नाकारून क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या प्रवेशफेरीत, उतरावं लागतं. क्लिअरिंग जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतं. जागा नाकारायचं बटण यूकासवर समोरच असतं आणि ते एकदा दाबलं की जागा गेली. आधी नव्या विद्यापीठाला फोन करून त्यांची तयारी लेखी घ्या, त्यांच्याकडून वेळेत कॅस मिळेल का हे विचारा, आणि मगच ते बटण दाबा.

परत तुझ्याकडे. जुलैच्या मध्यापर्यंत नवी ऑफर आली नाही, किंवा ऑगस्टअखेर ॲटास आलं नाही, तर विद्यापीठाला दोन गोष्टी विचार: उशिरा येऊन नाव नोंदवायची शेवटची तारीख कोणती, आणि मटेरियल्सचा प्रवेश जानेवारीत आहे का. बिझनेसचे कोर्स जानेवारीत सर्रास सुरू होतात, प्रयोगशाळेच्या कोर्समध्ये ते कमी दिसतं. जानेवारी नसेल तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत प्रवेश पुढे ढकलून माग. डिपॉझिट आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी कायम राहतील का, आणि फी कोणत्या वर्षाची लागेल, हे त्याच पत्रात लिहून घे. आयल्ट्स दोन वर्षं चालतं, तुझी तारीख तपास. ॲटास ६ महिन्यांचंच असतं, ते नव्याने काढावं लागेल. नोकरीचा राजीनामा अजून दिला नसशील तर नव्या कोर्सचा कॅस येईपर्यंत देऊ नकोस. कारखान्यात धातूची चाचणी घेणारी प्रयोगशाळा असेल तर हे महिने तिथे काम मागून बघ.